एकशे सतरा नंबरचा शिक्का

“आई, तुझा दात कुठं गेला?” ढबूने जाळीला नाक लावून विचारले.

जाळीपलीकडे बसलेल्या आईने पटकन ओठ मिटले. मग तोंडावर हात धरून हसली. “पडला गं. तुझा नाही का पडला परवा?”

“माझा दुधाचा होता. तुझा कशाचा होता?”

काटेवाली दोन्ही नातींच्या मागे उभी होती. तिने लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. तीस वर्षे वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलेली. माणूस असो की पोते, नजर पडताच आकडा तिच्या मनात आपोआप उमटायचा. सात महिन्यांत नऊ किलो, ती मनाशी म्हणाली. गळ्याची हाडे वर आली होती, गालांत खळगे पडले होते.

“भातात खडा होता,” लेक आवाज खाली घेऊन म्हणाली. “बघितला नाही, घास कचकन चावला.”

“आणि पोट भरतं का?”

“भरतं तेवढं भरायचं. पाव असतो, हा एवढा.” तिने पंजा जाळीला टेकवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर पावाची कड आखून दाखवली. “बटाटे काळे पडलेले. कालवणाला नुसतं पाणी. जाऊ दे आई, जिवाला लावून घेऊ नकोस. शिक्षा आहे माझी, मी भोगते.”

घंटा वाजली. पहारेकरीण ओरडली, “चला, चला, झाली वेळ!” मोठी नात चिंगी, वय वर्षे नऊ, जागची हलली नाही. ती भिंतीवरच्या पाटीकडे बघत होती. कैद्यांना दररोज किती ग्रॅम पाव, किती तांदूळ, किती भाजी मिळेल, ते त्या पाटीवर ठळक अक्षरांत रंगवले होते. शेवटी तिला दंड धरून बाहेर काढावे लागले.

काटेवालीची लेक टेम्पो चालवायची. नवरा ढबू पोटात असतानाच निघून गेला होता, तो पुन्हा दिसला नाही. एका धुक्याच्या सकाळी, डोळ्यांवर झोप असताना, तिने एका सायकलवाल्याला उडवले. म्हातारा जागेवर गेला. कोर्टात तिने एकदाही मान वर केली नाही. शिक्षा दोन वर्षांची झाली. ती तिला कबूल होती आणि काटेवालीलाही. मेलेल्या माणसाचीही कोणीतरी लेक असेल, ती घरी बसून रडली असेल, हे तिला कळत होते. दोन वर्षे म्हणजे दोन वर्षे. पण न्यायाधीशांनी वाचून दाखवलेल्या कागदात खड्यांचे नाव कुठेच नव्हते.

त्याच आठवड्यात ढबूने जेवण टाकले.

म्हणजे पुरते टाकले नाही. ताटात वाढलेल्यातले निम्मे खायची आणि निम्मे हाताने बाजूला सारायची. आधी आजीला वाटले पोटात दुखत असेल, मग वाटले लाड चाललेत. चौथ्या दिवशी तिने डोळे वटारले. “काय गं ए, ही काय नाटकं?”

ढबू खाली मान घालून बसली. उत्तर चिंगीने दिले. “शाळेत ती पुढच्या बाकावरची म्हणाली, तुझी आई तुरुंगाची हवा खाते. हिला वाटतंय, तिथं खरंच हवा खायला देतात.”

“अर्धी हवा,” ढबूने दुरुस्ती केली. “पाव पण देतात. आईनं दाखवला ना. छोटा. म्हणून मी पण छोटं खाते.”

काटेवालीच्या हातातला डाव तसाच राहिला. आतापर्यंत तिने पोरींना एकच सांगितले होते: आई मजेत आहे, वेळेवर जेवते, काळजी करू नका. त्या खोट्यावर सहा वर्षांच्या पोरीने रीतसर उपास धरला होता.

ती उठली. दुकानातला छोटा तराजू घरी आणून तिने फरशीच्या मधोमध मांडला. दुकान म्हणजे तरी काय, गल्लीच्या तोंडाशी एक दरवाजा, आत दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचे. दारावर पाटी: वजनकाटे दुरुस्ती, परवाना क्रमांक एकशे सतरा. नवऱ्याच्या मागे तिने तो परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला होता, आणि ‘बाईमाणूस काय काटा दुरुस्त करणार’ म्हणणारे सगळे आता तिच्याकडेच काटे घेऊन येत.

“चिंगे, पाटीवर पाव किती होता?”

“दोनशे ग्रॅम,” चिंगी ताडकन म्हणाली. तिने पाटी तोंडपाठच केली होती.

काटेवालीने पाव घेतला, आपल्या पंजावर ठेवला आणि लेकीने आखली होती तिथे सुरी फिरवली. तुकडा एका पारड्यात टाकला. “आता तू वजनं टाक.”

चिंगीने शंभर ग्रॅम टाकले. मग वीस. मग वीस. काटा मध्यावर येऊन थांबला.

“एकशे चाळीस,” चिंगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

“हे मिळतं. आणि दोनशे लिहिलंय. आई तुमची खोटं बोलत नाही आणि मी बोलत होते. आईनं चूक केली, तिला बंद खोलीत ठेवलंय, ती शिक्षा. पण तिच्या ताटातलं काढून घ्या, असं कुणीही सांगितलेलं नाही. ही शिक्षा नाही. ही चोरी आहे. आणि ढबू, तू उपाशी राहिलीस म्हणून आईच्या पावात एक ग्रॅमही वाढणार नाही. कळलं?”

ढबूने उरलेल्या साठ ग्रॅमच्या जागेकडे, म्हणजे रिकाम्या फरशीकडे, बराच वेळ पाहिले. मग विचारले, “मग उरलेलं कोण खातं?”

काटेवालीला उत्तर माहीत होते. तुरुंगाला शिधा पुरवणारा ठेकेदार गावाला माहीत होता. बाजारपेठेत त्याचे गोदाम होते. सगळे त्याला शेट म्हणत. गोल, हसरा, कपाळाला आठी नसलेला माणूस. गोदामातले काटे तो गेली बारा वर्षे काटेवालीकडेच दुरुस्तीला देत आला होता.

“एक माणूस खातो,” ती म्हणाली. त्या क्षणी तिच्या मनात एक चित्र उभे राहिले आणि ते तिला फार आवडले: शेट एका लहानशा टेबलाशी बसला आहे, समोर खड्यांनी भरलेले ताट आहे आणि ती त्याला एकेक खडा चावायला लावते आहे. “चाव. नीट चाव. घाई नाही.”

“आपण त्याला उपाशी ठेवू या,” चिंगी म्हणाली.

“ठेवू की,” आजी म्हणाली. “आधी तू एक पत्र लिही.”

चिंगीने तुरुंगाच्या मोठ्या साहेबांना पत्र लिहिले. चार वेळा खाडाखोड करून पाचव्यांदा चांगल्या अक्षरात. ‘माझी आई तुमच्याकडे आहे. तिने चूक केली आहे ते आम्हाला माहीत आहे. पाटीवर दोनशे ग्रॅम पाव लिहिला आहे आणि एकशे चाळीस मिळतो. भातात खडे असतात. कृपया साठ ग्रॅमचे काय होते ते कळवावे.’ खाली सही, आणि सहीखाली स्वतःच्या अकलेने: ‘काटेवालीची नात’. ढबूने कोपऱ्यात एक दात काढला, पण तो बटाट्यासारखा झाला होता.

तीन आठवड्यांनी लिफाफा आला. चिंगीने दुकानातच फोडला आणि आजी एका काट्याची कमान घासत असताना तिला मोठ्याने वाचून दाखवला. कठीण शब्द ती अडखळत वाचत होती.

“‘आपल्या अर्जाच्या संदर्भात कळविण्यात येते की, या कारागृहातील सर्व शिधा कोठीत स्वीकारताना प्रमाणित काट्यावर वजन करूनच घेतला जातो. सदर काटा तपासलेला असून त्यावर अधिकृत दुरुस्तीकाराचा शिक्का आहे. शिक्का क्रमांक एकशे सतरा. सबब आपल्या अर्जात तथ्य...’” ती थांबली. “आजी, एकशे सतरा म्हणजे तूच की.”

कानशीवरचा काटेवालीचा हात थांबला.

तिला ती संध्याकाळ आठवली. गेल्या वर्षी तपासणीच्या दिवसांत शेटने गोदामात सहा काटे ओळीने मांडून ठेवले होते. पाच तिने शिरस्त्याप्रमाणे पाहिले, हलक्या वजनापासून भरलेल्या पोत्यापर्यंत. सहावा राहिला होता. घरून निरोप आला होता, ढबूला ताप चढलाय. शेट म्हणाला होता, “अहो जा तुम्ही, लेकरू आजारी. हा नवाकोरा आहे, याला काय धाड भरलीय?” तिने पाच किलोचे वजन टाकून पाहिले, काटा बरोबर पाचवर आला. तिने शिसे दाबून शिक्का मारला आणि ती धावत सुटली. कोठीतला काटाही ठेकेदारानेच द्यायचा असतो, हे तिला कुठे माहीत होते?

काही काटे हलक्या वजनाला खरे बोलतात आणि जड वजनाला खोटे. आत पट्टीखाली एक तुकडा बसवायचा, भार वाढला की तो दाबला जातो आणि काटा पुढे पळतो. ही लबाडी तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने शिकवली होती, पकडायला. आता स्वैपाक्याची काय चूक? पोते शंभर किलोचे म्हणून आत येते, असते सत्तरचे, आणि तो बिचारा त्यातूनच सगळ्यांचे भागवतो.

म्हणजे सात-आठ महिने तिची लेक तिच्याच शिक्क्याखाली उपाशी राहत होती.

“चूक माझी आहे,” ती पोरींना म्हणाली. “मी तो काटा पुरता तपासला नाही. मला घाई होती.” घाई कशाची, ते तिने सांगितले नाही. ढबू समोरच बसली होती.

“मग आता तुला पण तुरुंगात नेतील?” चिंगीने विचारले.

“नाही गं. फार तर परवाना जाईल.”

“आणि त्याला?”

“त्याचं मी बघते,” काटेवाली म्हणाली, आणि कानस इतकी जोरात ओढली की कमानीचा कपचा उडाला.

दोनच दिवसांनी शेट स्वतः दुकानाशी आला. आत जागा नव्हतीच, दारातच उभा राहिला. हातात पोरींसाठी चॉकलेटचा डबा. “पोरीनं पत्र लिहिलंय म्हणे,” तो हसत म्हणाला. “हुशार आहे हो नात. कोठीवाल्यानं दाखवलं मला. आम्ही दोघं हसलो.”

“हसण्यासारखं काय होतं त्यात?”

“तसं नव्हे. म्हटलं, आपल्याच माणसाची लेक आत आहे आणि मला पत्ता नाही! आधी सांगायचं ना, मावशी. उद्याच्या उद्या तिला स्वैपाकघरात काम लावून देतो. चुलीपाशी बसलेलं माणूस कधी उपाशी राहतं का? पोटभर खाईल, वर दूध देतो.” मग त्याने आवाज मऊ केला. “आणि काट्याचं म्हणाल, तर शिक्का तुमचा. उगाच चिखल ढवळला तर शिंतोडे तुमच्याच अंगावर उडणार. माझं काय, मी म्हणेन, मला काट्यातलं काय कळतं?”

मागे पाटावर बसलेली चिंगी उठून उभी राहिली. “हो म्हण ना, आजी.”

काटेवालीने मागे वळून पाहिले नाही. या माणसाच्या हातून लेकीला भरवून घ्यायचे तिला मुळीच मान्य नव्हते. पण तिने चेहरा हलू दिला नाही. उलट मान खाली घातली, दोन्ही हात जोडले. “शेट, तुमचे उपकार होतील. मला दोन दिवस द्या. लेकीला विचारते, परवा भेट आहे.”

“अहो चार दिवस घ्या,” शेट म्हणाला आणि चॉकलेटचा डबा काउंटरवर ठेवून निघून गेला.

आपण इतके सफाईदार खोटे बोलू शकतो हे तिला ठाऊक नव्हते. तिला फार बरे वाटले.

चिंगीला ते खोटे आहे हे कळल्यावर मात्र ती बिथरली. “तू हो म्हणणार नाहीस? आईला दूध मिळालं असतं! तुला आईपेक्षा भांडण जास्त आवडतं!” ती रडली, पाय आपटले, चॉकलेटचा डबा रस्त्यावर भिरकावला आणि पुन्हा जाऊन उचलून आणला, कारण ढबू त्याच्यामागे धावली होती. आजीने तिला समजावले नाही. पोरगी म्हणत होती त्यात काहीतरी खरे होते. तिला भांडण हवेच होते.

जरा वेळाने चिंगी स्वतःच आली. डोळे सुजलेले. “भेटीच्या खोलीत ती वेण्यावाली मुलगी असते ना, तिच्या आईला पण काम मिळेल का चुलीपाशी?”

“एकीलाच मिळेल.”

“मग तिची आई आपल्या आईच्या हातून एकशे चाळीस घेणार?”

आजीने मान हलवली. चिंगी तिच्याकडे पाठ करून बसली. मग, तोंड न वळवता, म्हणाली, “पण त्याला सोडू नकोस हं.”

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच काटेवाली वजनमाप निरीक्षक बाईंच्या दारात बसली होती. निरीक्षक बाई वयाने तिच्या लेकीएवढ्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पेन खाली ठेवले. “मावशी, हे लेखी दिलंत तर तुमचा परवाना राहत नाही. तपासल्याशिवाय शिक्का मारला, असं तुम्हीच कबूल करताय. मी इच्छा असूनही वाचवू शकणार नाही.”

“वाचवा असं कुठं म्हणतेय? फक्त आज चला. एकदा त्याच्या कानावर गेलं की उद्या तो काटा तिथं नसेल.”

“आजच का पण?”

“आज त्याचा माल उतरतो. तो स्वतः हजर असतो. त्याच्या तोंडासमोर व्हायला पाहिजे.”

निरीक्षक बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि गाडी काढायला सांगितली.

तुरुंगाची कोठी म्हणजे लांबट, दमट खोली. एका बाजूला स्वैपाकघराचे दार, त्यातून वाफ येत होती. कैदी बायका तिथे भांडी घासत होत्या. लेक त्यांच्यात नव्हती. तिचे काम धुलाईखान्यात. बाहेर ट्रक लागला होता आणि हमाल पोती उतरवत होते. शेट काट्याशेजारीच खुर्ची टाकून बसला होता. काटेवालीला पाहून तो अर्धवट उठला, मग तिच्यामागे निरीक्षक बाई आणि त्यांच्यामागे तुरुंगाचे मोठे साहेब दिसले, तसा पुरता उठला.

काटेवालीने पाच किलोचे वजन ठेवले. काटा पाचवर. दहाचे ठेवले. काटा दहावर.

“झालं समाधान?” शेट हसला. “साहेब, माल खोळंबलाय.”

“तुमची पोती काय दहा किलोची असतात?” काटेवाली म्हणाली. तिने दहाचे काढून वीसचे वजन ठेवले, त्याच्यावर दुसरे वीस ठेवले. काटा सरकत गेला, चाळीस ओलांडले, पन्नास ओलांडले आणि सत्तावन्नवर थांबला.

स्वैपाकघराच्या दारात भांडी घासणारी एक बाई ओल्या हातांनी उभी राहिली होती, ती म्हणाली, “बघ गं, मी म्हणत नव्हते? आमचं सतरा किलो इथं आहे.”

काटेवालीने पक्कडीने शिसे तोडले, चार स्क्रू काढले, आत हात घातला आणि अंगठ्याएवढा लोखंडाचा तुकडा बाहेर काढून निरीक्षक बाईंच्या तळहातावर ठेवला.

शेटचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती. “मला काय माहीत आत काय आहे? शिक्का कुणाचा आहे ते बघा ना, साहेब! हिचाच आहे. एकशे सतरा! हिनंच बसवला असेल.” मग तिच्याकडे झुकून, दातांवर दात धरून म्हणाला, “बुडशील, म्हातारे.”

“बुडते की,” काटेवाली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “शिक्का माझा आहे. मी न तपासता मारला. तसं सकाळीच लेखी देऊन आलेय. मी बुडते, शेट, पण तुमची मानगूट धरून बुडते.”

तिथेच थांबता आले असते. पंचनाम्याला तेवढे पुरेसे होते, निरीक्षक बाई तसे म्हणाल्याही. पण काटेवालीने तुकडा काढलेला काटा पुन्हा जोडला, शून्यावर आणला आणि मोठ्या साहेबांकडे वळली. “साहेब, आता खरा झालाय. आजचा माल मोजून घ्या ना. सगळाच.”

एकतीस पोती होती. प्रत्येक पोत्यावर शंभर लिहिलेले. हमालांनी पहिले पोते ठेवले.

“शेट, आकडा वाचा,” काटेवाली म्हणाली. “मोठ्यानं. माझे डोळे आता अधू झालेत.”

शेटने साहेबांकडे पाहिले. साहेब भिंतीकडे बघत होते. त्यांनाही आज आपली कातडी वाचवायची होती. “वाचा,” ते म्हणाले.

“सत्तर.”

“ऐकू आलं नाही.”

“सत्तर!”

दुसरे पोते. एकाहत्तर. तिसरे, एकोणसत्तर. कोठीवाला कोपऱ्यात सरकत सरकत दाराशी पोचला होता, त्याला पहारेकऱ्याने परत आत आणले. दारात आता आठ-दहा बायका जमल्या होत्या, त्यांना कोणी हाकलले नाही. बटाट्याचे पोते आले तेव्हा काटेवालीने ते उसवायला लावले आणि काळे बटाटे काट्यासमोर एका बाजूला काढून ठेवले. दहाव्या पोत्याला शेटचा घसा बसला. विसाव्याला त्याने खुर्ची मागितली. “उभं राहूनच दिसतो आकडा,” ती म्हणाली. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. एकतिसाव्या पोत्याला त्याच्या तोंडून आवाज फुटेना, नुसते ओठ हलले. ती थांबून राहिली. आवाज फुटेपर्यंत तिने पोते खाली उतरवू दिले नाही.

घरी आल्यावर तिने पोरींना सगळे सांगितले, एकही पोते न गाळता. ढबूने प्रत्येक आकड्याला टाळी वाजवली.

“तुला त्याची दया आली का गं?” चिंगीने विचारले.

“नाही,” ती म्हणाली.

त्याचा ठेका गेला. खटला उभा राहिला, तो अजून रेंगाळतो आहे. शेट जामिनावर घरी आहे, आणि त्याचे वजन काही कमी झालेले नाही. काटेवालीला ते लांबूनही कळते. बाजारात जाताना ती मुद्दाम त्याच्या गोदामावरून जाते. तो ओट्यावर बसलेला असतो. ती समोर उभी राहते आणि तो उठून आत गेल्यावरच पुढे चालू लागते. एकदा चिंगी बरोबर होती. “अजून राग आहे, आजी?” तिने विचारले. “आहे,” आजी म्हणाली. “तुला नाही?” चिंगीने विचार केला. “मला पण आहे. पण मला उभं राहून कंटाळा येतो.”

पुढच्या भेटीला लेकीच्या चेहऱ्यावर थोडे तेज दिसले. पाव पुरा मिळत होता. भात अजून कधीकधी कचकचायचा, पण आता बायका ताट परत पाठवायला शिकल्या होत्या. चिंगीने सांगितल्याप्रमाणे ढबूने आपण काय काय खाल्ले याची पूर्ण यादी आईला ऐकवली. लेकीने ती शेवटपर्यंत ऐकली आणि मग पोरींच्या डोक्यांवरून आईकडे पाहिले.

“दुकान गेलं ना?”

“परवाना गेला. दुकान आहे, चार भिंती आहेत.”

“माझ्यापायी.”

“तुझ्यापायी नाही,” काटेवाली म्हणाली. “मी मारलेला शिक्का मीच तोडला. आणि त्याला तसं उभं करण्यासाठी मी दहा दुकानं दिली असती.”

आता ती दुकानात लोकांचे कपडे इस्त्री करते. इस्त्रीचे टेबल ठेवल्यावर एक माणूसही आत मावत नाही. काम वाईट नाही, पण हाताला अजून उष्णतेचा अंदाज येत नाही, दोन कॉलर जळाल्या.

परवा दुपारी भाजीवाली आली. तिला काही माहीत नव्हते, ती गावाला गेली होती. तिने आपला काटा नेहमीसारखा काउंटरवर आपटला. “बघ गं बाई याला काय झालंय, सकाळपासून डुलतोय नुसता.”

काटेवालीने इस्त्री बाजूला उभी केली. काटा डुलताना एका बाजूला बारीकसा टक्क आवाज करत होता. तिला एका ऐकण्यात कळले. एक खिळा सैल होता, दोन मिनिटांचे काम. तिचा हात पुढे गेला आणि काट्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

“पलीकडच्या गल्लीत जा,” ती म्हणाली. “तिथला काटेवाला चांगला आहे. त्याला सांग, डाव्या अंगाचा खिळा सैल आहे.”

“तूच बघ की. तिकडं कुठं जाऊ उन्हात?”

“मला आता हात लावता येत नाही.”

भाजीवालीने तिच्याकडे, मग इस्त्रीकडे, मग दारावर पाटी काढल्यावर राहिलेल्या फिक्या चौकोनाकडे पाहिले. काटा काखेत मारून ती गल्लीच्या टोकाकडे निघाली. तो टक्क आवाज तिच्या पावलांबरोबर दूर दूर जात राहिला. काटेवाली तो ऐकू येईनासा होईपर्यंत उभी होती. मग तिने ओल्या बोटाने इस्त्रीचा ताव पाहिला आणि पुढचा सदरा ओढला.